दारे धरण्याची विद्या



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती किंवा अर्थकारण असे विषय सहज शोभतात. माझा विषय तसा नाही. "सी भाषेत नवी प्रक्रिया सुरू करताना उघड्या फायलींच्या क्रमांकांची व्यवस्था कशी ठेवावी" हे त्याचे पूर्ण नाव मी आधीच जाहीर केले असते, तर आज समोर इतकी मंडळी दिसली असती की नाही याची मला शंका आहे. परंतु या विषयाचा गाभा आपल्या जिल्ह्यातल्या कोणाही शेतकऱ्याला परिचयाचा आहे. रात्री वीज आली की विहिरीवरचा पंप सुरू होतो, पाटाने पाणी वाहू लागते, आणि एक गडी फावडे घेऊन वाफ्यावाफ्याचे दार मोडीत आणि बांधीत रात्रभर उभा राहतो. याला आपण "दारे धरणे" म्हणतो. कोणते दार उघडे ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, एवढेच ते काम. पण एक दार विसरले तर एका वाफ्यात तळे होते आणि दुसऱ्यात धूळ राहते. मी आज सांगणार आहे ती संगणकातली दारे धरण्याची विद्या होय.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा नाही, हेही आरंभीच सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या मुळाशी लिनक्स नावाचा गाभा आहे, आणि लिनक्सची घडण युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवरून झाली आहे. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. १९७३ साली ती रिचींनीच घडविलेल्या सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धाटणीवर लिनक्स लिहावयास घेतले. आपल्याकडे १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ साली तिने परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच सुमारास सी भाषा आपल्या महाविद्यालयांतून शिकविली जाऊ लागली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक हाती न धरलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी आज आपल्याला क्वचितच भेटेल. तेव्हा सी भाषा आपल्या मुलामुलींना परकी नाही. परंतु भाषा येणे निराळे आणि त्या भाषेत घर चालविणे निराळे. घर चालविण्याचा जो एक कोपरा बहुधा अंधारातच राहतो, तेथे आज आपण दिवा नेणार आहोत.

बिल्ला आणि पादत्राणे

प्रथम "प्रक्रिया" म्हणजे काय ते पाहू. कार्यक्रम म्हणजे कागदावर लिहिलेली पाककृती, आणि प्रक्रिया म्हणजे चुलीवर प्रत्यक्ष चाललेला स्वयंपाक. एकाच पाककृतीवरून चार घरांत चार स्वयंपाक चालावेत, तशा एका कार्यक्रमाच्या अनेक प्रक्रिया एका वेळी चालू शकतात.

प्रक्रियेला फाइल वाचायची असते, पडद्यावर लिहायचे असते, दूरच्या संगणकाशी बोलायचे असते. यांपैकी काहीही तिला स्वतःच्या हाताने करता येत नाही. गाभ्याला विनंती करावी लागते. गाभा ती वस्तू उघडतो आणि प्रक्रियेच्या हातात एक लहानसा आकडा ठेवतो. या आकड्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. आपण त्याला क्रमांक म्हणू. तुळजापुरास दर्शनाला जाताना आपण पादत्राणे ठेवतो आणि बिल्ला घेतो. बिल्ला म्हणजे पादत्राणे नव्हेत. पादत्राणे आतल्या फळीवर असतात; बिल्ल्यावरच्या आकड्याला त्या दुकानापुरताच अर्थ असतो, आणि शेजारच्या दुकानात तोच आकडा दाखविला तर दुसऱ्याच कोणाची पादत्राणे समोर येतील. फाइल डिस्क्रिप्टर अगदी तसाच आहे. एका प्रक्रियेतला पाचवा क्रमांक आणि दुसरीतला पाचवा क्रमांक यांचा परस्परांशी काही संबंध असेलच असे नाही.

यांपैकी तीन क्रमांक रूढीने ठरून गेले आहेत. शून्य क्रमांकावरून आत घ्यायचे, एक क्रमांकावरून बाहेर द्यायचे, आणि दोन क्रमांकावर तक्रार नोंदवायची. हा दोन क्रमांक मागाहून आला. त्याची कथा अशी सांगतात की, बेल प्रयोगशाळेत छायाचित्र पद्धतीने अक्षरजुळणी करणारे एक यंत्र होते. कार्यक्रमात काही चुकले म्हणजे चुकीची सूचनाही नेहमीच्याच वाटेने जाई आणि महागड्या कागदावर सुबकपणे छापून येई. असे कागद वाया गेल्यावर तक्रारीसाठी निराळे दार काढण्यात आले.

आणखी एक नियम लक्षात ठेवावा: नवी वस्तू उघडली की गाभा नेहमी रिकाम्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांक देतो. शून्य, एक आणि दोन वापरात असतील तर पुढची फाइल तीनवर उघडेल. क्रमांकांचा साठाही अमर्याद नसतो. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एका प्रक्रियेला अवघे वीस क्रमांक मिळत. लिनक्सवर नेहमीची मर्यादा १०२४ असते.

एकाचे दोन होणे

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. युनिक्समध्ये नवी प्रक्रिया जन्माला घालण्याची रीत विलक्षण आहे. चालू असलेली प्रक्रिया "फोर्क" ही हाक देते, आणि त्या क्षणी एकीच्या दोन प्रक्रिया होतात. दोघींची स्मृती सारखी, दोघींचा कार्यक्रम सारखा आणि दोघी त्याच ओळीवर उभ्या. फरक एवढाच की फोर्कचे उत्तर म्हणून अपत्याला शून्य मिळते आणि जननीला अपत्याचा ओळख-क्रमांक मिळतो. त्यावरून जिची तिला आपली ओळख पटते. फोर्क निष्फळ झाला तर जननीला उणे एक मिळतो आणि अपत्य जन्मतच नाही.

ही कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली मांडली होती, आणि बर्कली येथील जिनी प्रकल्पातून ती टॉम्पसन आणि रिची यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांच्या पहिल्या लहानशा यंत्रावर फोर्क बसविण्यास यंत्रभाषेच्या नेमक्या २७ ओळी लागल्या, असे रिचींनी पुढे लिहून ठेवले आहे. एवढ्या थोड्या श्रमात एवढी मोठी सोय झाली म्हणूनच ती टिकली.

फोर्कनंतर अपत्य बहुधा दुसरी हाक देते, ती "एक्झेक". हिने अपत्याचा जुना कार्यक्रम पुसला जातो आणि त्या जागी नवा येतो. चूल तीच, पण पाककृती बदलली. येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे. फोर्कच्या वेळी जननीच्या हातातले सगळे बिल्ले अपत्याच्या हातात येतात, आणि एक्झेकने कार्यक्रम बदलला तरी ते हातातच राहतात. नव्या कार्यक्रमाला त्या बिल्ल्यांची कल्पना नसते, त्याने ते मागितलेलेही नसतात. तरी ते त्याच्या मुठीत असतात.

हा वारसा मूळ वस्तूपर्यंत पोहोचतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दोन भाऊ एकच पोथी वाचीत आहेत आणि पोथीत खुणेचे मोरपीस एकच आहे असे समजा. थोरल्याने दहा ओव्या वाचून पीस पुढे सरकविले, तर धाकटा पोथी उघडील तेव्हा त्याला अकरावी ओवी दिसेल. फोर्कच्या आधी उघडलेल्या फाइलीचे असेच होते. जननी आणि अपत्य यांचे बिल्ले दोन, पण वाचनाची खूण एक. दोघे न ठरविता वाचू लागले तर अर्धे याला आणि अर्धे त्याला मिळेल, आणि पूर्ण कथा कोणालाच कळणार नाही.

मग एकदमच "अमुक कार्यक्रम सुरू कर" अशी एकच हाक का ठेवली नाही? कारण फोर्क आणि एक्झेक यांच्यामधल्या फटीत अपत्याला आपल्या घराची मांडामांड करता येते. समजा, एखाद्या कार्यक्रमाचे उत्तर पडद्याऐवजी फाइलीत हवे आहे. अपत्य ती फाइल उघडते, तिला तीन क्रमांक मिळतो. मग "ड्युप-दोन" ही हाक देऊन ते एक क्रमांक त्याच फाइलीकडे वळविते, तीन क्रमांक बंद करते, आणि मग एक्झेक करते. नवा कार्यक्रम नेहमीप्रमाणे एक क्रमांकावर लिहीत राहतो. आपले लिखाण पडद्यावर जाते की फाइलीत, हे त्याला कळतही नाही आणि कळण्याचे कारणही नाही. ही युक्ती इतकी साधी आणि समर्थ आहे की पन्नासहून अधिक वर्षे ती तशीच वापरात आहे.

पाटाचे वरचे तोंड

आता पाटाकडे येऊ. एका कार्यक्रमाचे उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती पडावे, बागेतल्या नळीला नळी जोडावी तसे कार्यक्रमाला कार्यक्रम जोडता यावेत, अशी इच्छा बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात व्यक्त केली होती. १९७३ साली टॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये उतरविली आणि तिला "पाइप" हे नाव मिळाले. पाइप मागितला की गाभा दोन क्रमांक देतो: एक खालच्या तोंडाचा, जेथून वाचायचे, दुसरा वरच्या तोंडाचा, जेथे लिहायचे.

खाली बसलेल्या वाचणाऱ्याला पाणी संपले हे कसे कळावे? पाट कोरडा दिसला म्हणजे पाणी संपले असे नव्हे. वरून थोड्या वेळाने पुन्हा येईल. म्हणून गाभ्याचा नियम असा आहे की, पाट रिकामा असेल आणि वरचे एकही तोंड उघडे नसेल, तरच वाचणाऱ्याला "संपले" असे सांगावे. वर एकही दार उघडे असेल, मग त्यातून थेंबही येत नसो, तर वाचणाऱ्याने वाट पाहत बसावे.

नियम अगदी न्याय्य आहे. आता त्याची फोर्कशी गाठ घालून पाहा. जननीने पाइप घेतला; तीन आणि चार असे दोन क्रमांक मिळाले. मग फोर्क झाला. आता एका पाटाला दोन तोंडे राहिली नाहीत. क्रमांकांच्या हिशेबाने ती चार झाली, दोन जननीकडे आणि दोन अपत्याकडे. जननीला केवळ लिहायचे आहे आणि अपत्याला केवळ वाचायचे आहे. म्हणजे जननीकडचे खालचे तोंड आणि अपत्याकडचे वरचे तोंड ही दोन्ही बिनकामाची आहेत. बिनकामाची म्हणून कोणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही, आणि घात तेथेच होतो.

याचा प्रसाद मी स्वतः घेतला आहे. एका कार्यालयासाठी मी एक कार्यक्रम लिहिला होता. काही हजार नावे घ्यावयाची, ती अकारविल्हे लावणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाकडे पाइपने पाठवावयाची आणि लावलेली यादी छापावयाची, एवढेच काम होते. सकाळी यादी भिंतीवर लागणार होती. रात्री कार्यक्रम सुरू केला, आणि तो थांबला. बिघडला नाही, तक्रार केली नाही, नुसता थांबला. मी प्रथम विजेला दोष दिला, मग तबकडीला, मग नावे टंकित करणाऱ्या माणसाला. पहाटेपर्यंत चहाचे चार पेले झाले. उजाडता उजाडता उलगडा झाला तो असा. अकारविल्हे लावणाऱ्याला शेवटचे नाव हाती आल्याशिवाय पहिले नाव सांगता येत नाही, कारण शेवटचे नावच कदाचित "अंबादास" असेल. म्हणून तो "संपले" या सूचनेची वाट पाहत होता. मी जननीकडचे वरचे तोंड वेळच्या वेळी बंद केले होते. पण अपत्याकडे वारशाने आलेले वरचे तोंड मी बंद केलेच नव्हते. म्हणजे तो बिचारा जे दार बंद होण्याची वाट पाहत होता, ते त्याच्या स्वतःच्याच मुठीत होते! आणि जननी अपत्याचे काम संपण्याची वाट पाहत होती. एकमेकांच्या तोंडाकडे पाहत दोघी रात्रभर बसल्या. उणीव होती ती एका ओळीची: "हा क्रमांक बंद कर."

दुसऱ्या बाजूचे दार विसरले तरी संकटच आहे. खालची सगळी तोंडे बंद झाली आणि तरीही कोणी वरून लिहू लागला, तर गाभा त्याला एक इशारा पाठवितो. तो इशारा हाताळण्याची तयारी नसेल तर लिहिणारी प्रक्रिया तेथेच संपते. हे कठोर वाटते, पण उपकारक आहे. ऐकणारा उठून गेल्यावर बोलत राहण्यात अर्थ नसतो. परंतु जननीने आपल्याकडचे बिनकामाचे खालचे तोंड उघडेच ठेवले असेल, तर अपत्य मधेच संपले तरी हा इशारा येत नाही. जननी लिहीत राहते; लिनक्सवर पाटात साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात; तेवढा तो भरला की तीही कायमची अडकते.

अनोळखी पाहुण्याच्या मुठीत

आतापर्यंत सांगितली ती अडून बसण्याची कथा. वारशाने आलेल्या क्रमांकांचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. तो रात्र जागवीत नाही, कारण तो दिसतच नाही.

एक सेवा देणारी प्रक्रिया आहे असे समजा. तिच्याकडे गुप्त नोंदींची फाइल उघडी आहे आणि गिऱ्हाइकांच्या हाका ऐकण्याचे दारही उघडे आहे. मधेच तिला एखादे चित्र लहान करून हवे असते. ती फोर्क करते, एक्झेक करते आणि चित्राचा कार्यक्रम सुरू होतो. चित्रवाल्याला फक्त चित्र हवे होते. पण त्याच्या मुठीत गुप्त नोंदींचा बिल्लाही आला. फाइल उघडताना अधिकाराची तपासणी होते. उघडलेल्या क्रमांकावरून वाचताना ती पुन्हा होत नाही. म्हणजे ज्याला ती फाइल उघडण्याचा अधिकार नाही, तोही हातात आलेल्या बिल्ल्यावर ती वाचू शकतो. शिवाय मुख्य सेवा बंद करून पुन्हा सुरू करू गेले, तर "हे दार आधीच कोणीतरी अडविले आहे" असे उत्तर येते, कारण चित्रवाला ते अजून धरून असतो. किंवा एखादी अवाढव्य फाइल पुसून टाकली तरी तबकडीवर जागा मोकळी होत नाही, कारण कोण्या विसरलेल्या अपत्याच्या मुठीत तिचा बिल्ला राहिलेला असतो. शेवटचा बिल्ला परत येईपर्यंत गाभा वस्तू टाकून देत नाही.

ही केवळ तर्काची भीती नव्हे. आजकाल एका मोठ्या संगणकावर अनेकांचे कार्यक्रम आपापल्या बंद खोल्यांत चालविले जातात. या खोल्यांना कंटेनर म्हणतात. खोलीतल्या कार्यक्रमाला बाहेरचे घर दिसू नये हाच खोलीचा हेतू. अशी खोली बांधून देणारा "रनसी" नावाचा कार्यक्रम जगभर वापरात आहे; डॉकरच्या खालीही तोच असतो. ३१ जानेवारी २०२४ रोजी त्यातला एक दोष प्रसिद्ध झाला. खोली बांधताना रनसीने यजमान संगणकावरची एक निर्देशिका उघडली होती, आणि खोलीतल्या कार्यक्रमाला सुरू करण्यापूर्वी तो क्रमांक बंद करण्याचे राहून गेले होते. "मी या क्रमांकाच्या जागी उभा राहून काम सुरू करतो" एवढे सांगण्याची युक्ती ज्याने केली, त्याला बंद खोलीतून थेट यजमानाच्या घरात पाय ठेवता येत होता. दोषाची तीव्रता दहापैकी ८.६ धरण्यात आली, आणि रनसीच्या १.१.१२ या आवृत्तीत ते दार बंद झाले. भिंत फोडण्याची गरजच पडली नव्हती. गवंड्याने बांधकामासाठी ठेवलेली वाट बुजवायची राहिली होती.

उपाय कोणते

पहिला उपाय जुना आहे. प्रत्येक क्रमांकावर एक चिठ्ठी लावता येते: "एक्झेक होताच हा बंद व्हावा." ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीतही होती. फोर्कने बिल्ला अपत्याकडे येतो, पण एक्झेकच्या उंबरठ्यावर तो आपोआप गळून पडतो. जे क्रमांक नव्या कार्यक्रमाला द्यायचे, तेवढ्यांवर चिठ्ठी लावायची नाही.

परंतु या उपायात एक फट होती. आधी फाइल उघडायची आणि मग चिठ्ठी लावायची, अशी दोन पावले टाकावी लागत. एका प्रक्रियेत एकाच वेळी अनेक धागे काम करू लागल्यावर असे होऊ लागले की, एका धाग्याने फाइल उघडली, आणि तो चिठ्ठी लावणार इतक्यात दुसऱ्या धाग्याने फोर्क आणि एक्झेक उरकले. बिल्ला चिठ्ठीविना निसटला. हजारांत एखाद्या वेळी घडणारा असा दोष शोधणे फार कठीण, कारण पाहावयास जावे तो घडत नाही. म्हणून २००७ साली लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत उघडतानाच चिठ्ठी लावण्याची सोय झाली, आणि पुढच्याच वर्षी ती पॉझिक्स या सर्वमान्य मानकात आली. पाइपसाठी आणि ड्युपसाठीही तशा नव्या हाका निघाल्या. त्यामुळे उघडणे आणि चिठ्ठी लावणे हे एकच पाऊल झाले.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक बारकावा सांगून ठेवतो. ड्युप-दोनने जो नवा क्रमांक तयार होतो, त्यावर जुन्याची चिठ्ठी येत नाही. आणि तेच सोयीचे असते, कारण तो क्रमांक एक्झेकनंतर टिकावा अशीच आपली इच्छा असते. पण जुना आणि नवा क्रमांक योगायोगाने एकच असेल, तर ड्युप-दोन काहीच करीत नाही आणि चिठ्ठी तशीच राहते. मग नवा कार्यक्रम सुरू होताच त्याचे दार बंद झालेले असते. ही स्थिती निराळी तपासून चिठ्ठी हाताने काढावी लागते.

दुसरा उपाय झाडून साफ करण्याचा. अपत्याने एक्झेकपूर्वी तीनपासून पुढचे सगळे क्रमांक बंद करावेत. पूर्वी हे एकेक करून करीत. मर्यादा वीस होती तोवर ठीक होते, पण ती लाखांवर गेली तेव्हा नसलेली दारे बंद करण्यातच वेळ जाऊ लागला. २०२० साली लिनक्सच्या ५.९ या आवृत्तीत "या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत सगळे बंद कर" अशी एकच हाक आली.

तिसरा उपाय म्हणजे फोर्कचाच फेरविचार. "पॉझिक्स-स्पॉन" नावाची एक हाक आहे. तिला कार्यक्रमाचे नाव आणि "अमुक क्रमांक बंद कर, तमुक इकडे वळव" अशी यादी एकत्रच देता येते. २०१९ साली अँड्र्यू बॉमन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एका निबंधात असेही मांडले की, फोर्क ही एका काळाची चतुर युक्ती होती. आता तिला सन्मानाने निवृत्त करून नवी रीत रूढ करावी. या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे आणि त्याचा निकाल मी देऊ इच्छीत नाही. परंतु एक गोष्ट निःसंशय आहे. पायथन या लोकप्रिय भाषेने २०१४ सालच्या ३.४ आवृत्तीपासून मूळ रूढीच उलटविली: तिच्यात उघडलेला क्रमांक अपत्य कार्यक्रमाकडे आपोआप जात नाही, द्यायचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. सी भाषेत मात्र जुनी रूढी कायम आहे, आणि तिच्यावर अवलंबून असलेले कार्यक्रम इतके आहेत की ती सहजासहजी बदलणारही नाही. म्हणून सीमध्ये लिहिणाऱ्याने स्वतःच जागे राहिले पाहिजे.

जागे राहणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. फाइल, पाइप किंवा संपर्काचे दार उघडतानाच चिठ्ठी लावावी. पाइप घेतल्यावर कोणाचे कोणते तोंड, हे कागदावर काढावे, आणि फोर्क होताच दोन्ही घरांनी आपापले बिनकामाचे तोंड बंद करावे. एकामागून एक दोन अपत्ये सुरू करायची असतील, तर पहिल्याच्या पाटाचे वरचे तोंड दुसऱ्याकडे वारशाने जात नाही ना, हे मुद्दाम पाहावे. भावाने धरलेले दार सर्वांत उशिरा आठवते. प्रत्येक हाकेचे उत्तर तपासावे. आणि कार्यक्रम थांबला तर विजेला दोष देण्यापूर्वी, लिनक्सवर प्रत्येक प्रक्रियेच्या नावे "प्रोक" निर्देशिकेत तिच्या उघड्या क्रमांकांची यादी असते, ती वाचावी. मी ती त्या रात्री पहिल्या तासात वाचली असती, तर चहाचा एकच पेला पुरला असता.

रूढी आणि काळ

समारोपाकडे येतो. युनिक्स लिहिणाऱ्यांनी "सगळे वारशात द्यावे" अशी रूढी का घातली असेल? ती त्यांची चूक होती असे मला वाटत नाही. एका प्रयोगशाळेत, एका यंत्रावर, परस्परांना नावाने ओळखणारी थोडी माणसे काम करीत होती. प्रक्रिया लहान होत्या, त्यांचे क्रमांक बोटांवर मोजता येत, आणि जो कार्यक्रम सुरू करायचा तो शेजारच्या टेबलावरच्याच मित्राने लिहिलेला असे. अशा घरात सगळ्या किल्ल्या एका खुंटीला टांगलेल्या असाव्यात यात काय नवल? आपल्या जुन्या वाड्यांतही तसेच असे. पुढे वाड्यात बिऱ्हाडे आली, मग अनोळखी पाहुणे आले, मग एकेका खोलीत एकेक परका व्यवहार सुरू झाला. खुंटी मात्र तेथेच राहिली. रूढी चांगली की वाईट असा हा प्रश्न नाही. ज्या घरासाठी ती पडली ते घर आज उरले आहे काय, हा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी मुलेमुली संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्यास, मुंबईस आणि त्याहूनही दूर जातात. जे कार्यक्रम ती लिहितील, त्यांवर कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाच्या तपासणीचा अहवाल, कोणाची गुणपत्रिका अवलंबून असेल. खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला "यंत्र अडले आहे, उद्या या" असे उत्तर मिळते, तेव्हा आत कोठेतरी एखादी प्रक्रिया कोणीतरी न मिटलेल्या दाराकडे पाहत बसलेली असू शकते. त्या बाईला फाइल डिस्क्रिप्टर माहीत असण्याचे काही कारण नाही. ज्याने तो उघडला, त्याला मात्र तो माहीत असला पाहिजे.

दारे धरणारा आपला गडी हे कोठल्याही पुस्तकात शिकलेला नसतो. नवे दार मोडताना मागचे बांधायचे, आणि पहाटे घरी जाण्याआधी पाटाच्या कडेने एक फेरी मारून सगळी दारे पाहायची, एवढे तो नेमाने करतो. सी भाषेत लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तेवढी फेरी मारण्याची सवय लावून घेतली, तर पुष्कळ रात्री वाचतील.